कार्ड घेण्याआधी कॅबिनेट उघडा

भाद्रपद लागायच्या आत पेणचे बहुतेक गणपती गाड्यांत बसून आपापल्या गावी गेलेले असतात. हमरापूर, जोहे, कळवे या पट्ट्यात आणि पेण शहरातल्या कारखान्यांत ज्या मुलांनी उन्हाळ्यापासून रात्री जागून रंगकाम केलं, डोळ्यांची आखणी केली, त्यांच्या हातात हिशेबाचे पैसे येतात. त्या दिवसांत माझ्याकडे हमखास कुणीतरी येतं. "काका, वीस हजारांपर्यंत कुठलं ग्राफिक्स कार्ड घेऊ?" रोह्याकडून हाच प्रश्न दिवाळीच्या तोंडावर येतो, कारण धाटावच्या एमआयडीसीत नोकरी असलेल्या घरांत तेव्हा बोनस झालेला असतो. विचारणाऱ्याने दहा-बारा व्हिडिओ पाहिलेले असतात. कुठल्या कार्डावर कुठला गेम किती एफपीएस (सेकंदाला किती चित्रं) देतो हे त्याला तोंडपाठ असतं. मी त्याला उलट विचारतो, "तुझ्या कॅबिनेटमधला एसएमपीएस किती वॅटचा आहे?" एसएमपीएस म्हणजे आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. या प्रश्नाचं उत्तर क्वचितच मिळतं.

हा लेख त्या उत्तरासाठी आहे. व्हिडिओतला आकडा खोटा नसतो. पण तो ज्या यंत्रावर काढलेला असतो त्यात ताजा प्रोसेसर, रॅमच्या दोन वेगवान काड्या, दमदार एसएमपीएस असतो आणि खोलीत बहुधा एसी असतो. तेच कार्ड पत्र्याखालच्या माडीवर, दहा वर्षं जुन्या ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये बसवलं की आकडा निम्म्यावरही येऊ शकतो. महागडं कार्ड घेणारा सगळं यंत्रच नवं घेतो, त्याला ही अडचण येत नाही. स्वस्त कार्ड मात्र बहुतेक वेळा जुन्याच यंत्रात जातं. म्हणून माझं सांगणं एकच आहे : कार्डाची निवड कार्डापासून सुरू करू नका, घरात असलेल्या पेटीपासून करा.

आपल्याकडच्या पेट्या साधारण दोन प्रकारच्या. एक, मुंबई-पुण्याच्या कंपन्यांनी काढून टाकलेले, साफसूफ करून विकलेले ऑफिसचे कॉम्प्युटर. चौथ्या किंवा सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम, अंगाने बारीक. दुसरा प्रकार म्हणजे गावातल्या दुकानात जोडून घेतलेला कॉम्प्युटर, ज्यात कॅबिनेटबरोबर 'फुकट' आलेला एसएमपीएस असतो. दोन्हींत दुखणं एकाच जागी असतं.

कॅबिनेटचा प्लग काढा, डावीकडची झाकणी उघडा आणि एसएमपीएसवरचं लेबल वाचा. मोठ्या अक्षरांत ४५० वॅट लिहिलेलं असेल, तिकडे बघू नका. खालच्या तक्त्यात '+१२ व्होल्ट' असा रकाना असतो, त्याच्याखाली अँपिअरचा आकडा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही मुख्यतः याच बारा व्होल्टवर जगतात. तिथे १४ अँपिअर असेल तर १२ गुणिले १४, म्हणजे १६८ वॅट. वर ४५० लिहिलेला डबा गेमच्या कामाला एवढाच येतो. चांगल्या बनावटीच्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर याच रकान्यात ३५-३६ अँपिअरच्या आसपास आकडा दिसतो. हा एक गुणाकार करायला शिकलात तर निम्मा धोका तिथेच टळतो.

मी हा गुणाकार उशिरा शिकलो. रोह्याच्या भाच्याने दहावीनंतर पैसे साठवून कार्ड घेतलं. कॉम्प्युटरवर गाणी, सिनेमा, अभ्यासाचे व्हिडिओ सगळं नीट चाले. गेम सुरू केला की पाचव्या मिनिटाला मशीन रीस्टार्ट. "मामा, कार्ड खराब निघालं." मीही तेच धरून चाललो. कार्ड वॉरंटीला पाठवलं, ते महिन्याभराने 'दोष नाही' असा शेरा घेऊन परत आलं. बसवलं, पुन्हा तेच. शेवटी मी माझ्या मशीनचा एसएमपीएस बाहेर टेबलावर ठेवून त्याच्या वायरी भाच्याच्या बोर्डाला जोडल्या आणि गेम चालू केला. तासभर मशीन हललं नाही. कॅबिनेटबरोबर आलेला तो डबा हातात घेतला तेव्हा त्याच्या वजनावरूनच कळायला हवं होतं. आत तांबं आणि लोखंड असतं ते जड लागतं, हा रिकाम्या डब्यासारखा हलका. पोराचा महिना वाया गेला तो माझ्यामुळे. तेव्हापासून मी कार्डाचं नाव ऐकण्याआधी लेबल बघतो.

आता कार्डाकडे. मदरबोर्डावरच्या लांब खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून भूक मोठी असेल तर एसएमपीएसमधून वेगळी वायर लागते : सहा पिनांची वायर आणखी ७५ वॅट देते, आठ पिनांची १५०. ऑफिसच्या बारीक कॉम्प्युटरमध्ये ही वायरच नसते. तिथे हार्डडिस्कच्या वायरीतून जोड काढून सहा पिना तयार करणारा कनेक्टर शे-दोनशे रुपयांत मिळतो. तो लावू नका. त्या वायरी तेवढा प्रवाह वाहायला केलेल्या नसतात. प्लास्टिक वितळून काळं झालेले कनेक्टर मी माझ्या हातांनी काढले आहेत.

म्हणजे ऑफिसच्या पेटीसाठी शोध ७५ वॅटच्या आतल्या कार्डाचा. या गटात वर्षानुवर्षं राज्य केलं ते एनव्हिडियाच्या जीटीएक्स १६५० ने. एप्रिल २०१९ मध्ये आलेलं, ४ जीबी मेमरीचं, ७५ वॅटचं हे कार्ड आजही जुन्या बाजारात भरपूर फिरतं. घेताना एक बघा, याची काही मॉडेल वेगळी वायर मागतात, काही मागत नाहीत. नवं घ्यायचं तर याच जागी आता आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं रूप आहे. ते फेब्रुवारी २०२४ मध्ये आलं, त्याची भूक ७० वॅट, बहुतेक मॉडेलना वायर लागत नाही आणि बारीक कॅबिनेटसाठी अर्ध्या उंचीची मॉडेलही मिळतात. इथे नावात फसगत आहे. आरटीएक्स ३०५० नावाचं ८ जीबीचं कार्ड जानेवारी २०२२ पासून आहे, ते १३० वॅटचं आणि वेगाने बरंच पुढचं. दोन्ही एकच समजून ८ जीबीवाल्याचे व्हिडिओ पाहायचे आणि ६ जीबीवालं विकत घ्यायचं, हे घडतं. पण बारीक पेटी बदलायची नसेल तर ६ जीबीवाल्याला मी मनापासून हो म्हणतो.

एसएमपीएस चांगला असेल, किंवा तो बदलायची तयारी असेल, तर माझी पसंती एएमडीच्या आरएक्स ६६०० ला. ऑक्टोबर २०२१ चं कार्ड, ८ जीबी मेमरी, १३२ वॅट, आठ पिनांची एक वायर. वयाने जुनं आहे, पण फुल एचडी पडद्यावर अजून खणखणीत. रेड डेड रिडेम्प्शन २ सारखा भारी गेम सेटिंग थोडं हलवून साठ एफपीएसच्या पुढे नेतं. सायबरपंक २०७७ रे ट्रेसिंग (उजेडाच्या किरणांचा हिशेब करून सावल्या-प्रतिबिंबं काढणं) बंद ठेवून हाय सेटिंगवर साठच्या आसपास खेळता येतो. जीटीएक्स १६५० वर हाच सायबरपंक लो सेटिंगवर तीस-चाळीसच्या घरात रखडतो. व्हॅलोरंट किंवा जीटीए ५ पुरतंच खेळायचं असेल तर मात्र हा फरक तुमच्या कामाचा नाही. व्हॅलोरंट १६५० वरही शंभरच्या वर जातो.

एका कार्डापासून सावध करतो, कारण स्वस्त दिसतं म्हणून ते सगळ्यात आधी डोळ्यात भरतं. आरएक्स ६५०० एक्सटी. ४ जीबी मेमरी आणि मदरबोर्डाशी बोलायला फक्त चार लेन. नव्या पिढीच्या मदरबोर्डावर या चार लेनचा वेग दुप्पट असतो, म्हणून तिथे ते निभावून नेतं. आपल्या जुन्या बोर्डांवर पीसीआय एक्सप्रेसची तिसरी पिढी असते, तिथे वेग निम्मा. मेमरी भरली की कार्डाला रॅमकडे धाव घ्यावी लागते आणि त्या अरुंद वाटेवर गेम धक्के खायला लागतो. शिवाय गेम रेकॉर्ड करण्याची सोय या कार्डाच्या चिपमध्येच दिलेली नाही. इंटेलची आर्क कार्डं चांगली आहेत, बी५८० तर १२ जीबी मेमरीसह २०२४ च्या डिसेंबरात आलं. पण त्यांना रिसायझेबल बार नावाची सोय असलेला मदरबोर्ड लागतो, आणि चौथ्या-सहाव्या पिढीच्या ऑफिसच्या मशीनमध्ये ती नसते. तिथे आर्क घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

कार्ड किती वर्षं चालेल हा प्रश्न पालक विचारतात, आणि तो बरोबर आहे. गेम आता नव्या अटी घालू लागले आहेत. २०२४ च्या डिसेंबरात आलेला इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल आणि २०२५ मधला डूम : द डार्क एजेस हे दोन्ही रे ट्रेसिंगची सोय चिपमध्ये असल्याशिवाय चालतच नाहीत, १६५० ला तिथे दार बंद आहे, ३०५० आणि ६६०० ला उघडं. एनव्हिडियाने जीटीएक्स १०५० टीआय, १०६० या पिढीसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पासून थांबवले, सुरक्षेचे तेवढे चालू ठेवले आहेत. एएमडीच्या आरएक्स ५७०-५८० घराण्याचंही २०२३ च्या अखेरीपासून तेच झालं. म्हणून ही कार्डं कुणी 'एकदम मस्त कंडिशन' म्हणून दाखवली तरी फक्त जुने गेम खेळायचे असतील तरच, आणि तशाच स्वस्त भावात, घ्या.

आणखी एक गोष्ट पालकांनी विजेच्या बिलाच्या अंगाने बघावी. दिवसाला चार तास धरले तर महिन्याला १२० तास. ७० वॅटचं कार्ड पूर्ण भरात चाललं तर साडेआठ युनिटच्या आत राहतं, १३२ वॅटचं सुमारे १६ आणि १८५ वॅटचं जुनं आरएक्स ५८० बावीसच्या वर. महावितरणच्या बिलात शंभर युनिट ओलांडली की पुढच्या प्रत्येक युनिटचा दर चढतो. ज्यांचं बिल नव्वद-पंचाण्णववर रेंगाळतं त्यांना हा फरक कळेल.

आता पडदा. घरोघरी जुना १३६६ बाय ७६८ चा मॉनिटर असतो आणि मुलांना त्याची लाज वाटते. मी त्यांना हिशेब करून दाखवतो. त्या पडद्यावर एका चित्रात साडेदहा लाख ठिपके. फुल एचडीवर पावणेएकवीस लाख. कार्डाला प्रत्येक ठिपक्याचा रंग काढायचा असतो, दर सेकंदाला साठ वेळा. म्हणजे एका चित्राला सोळा-सतरा मिलिसेकंद मिळतात. ठिपके निम्मे झाले की स्वस्त कार्डही आरामात श्वास घेतं. त्यामुळे पहिल्या वर्षी मॉनिटर तोच ठेवा, पैसे एसएमपीएसमध्ये घाला, असं मी आग्रहाने सांगतो. फक्त एक : जुन्या मॉनिटरला निळी व्हीजीए पिन असते आणि नव्या कार्डांना ती नसते. एचडीएमआयमधून व्हीजीए करणारा कन्व्हर्टर त्याच दिवशी आणा, नाहीतर कार्ड घरी आणून रात्रभर नुसतं बघत बसावं लागतं.

फुल एचडी मॉनिटर असेल तर एफएसआर वापरायला शिका. एएमडीने २०२१ मध्ये आणलेली ही सोय एनव्हिडियाच्या १६५० वरही चालते. गेमच्या सेटिंगमध्ये एफएसआर 'क्वालिटी' ठेवलं की कार्ड आतल्या आत १२८० बाय ७२० चं, म्हणजे सव्वानऊ लाख ठिपक्यांचं चित्र काढतं आणि ते ताणून फुल एचडी करतं. तारा, कुंपणं, केस अशा बारीक जागी थोडं थरथरल्यासारखं दिसतं, बाकी डोळा सरावतो. आरटीएक्स कार्डांवर याच कामासाठी डीएलएसएस मिळतं, ते जास्त स्वच्छ दिसतं, पण ते फक्त आरटीएक्सवरच.

सेटिंगमध्ये हात घालताना सगळं एकदम लो करू नका. आधी सावल्या आणि प्रतिबिंबं खाली आणा, तिथे कार्डाचा सगळ्यात जास्त दम जातो. टेक्स्चर हे वेगळं प्रकरण आहे. ते कार्डाच्या मेमरीवर बसतं. मेमरीत मावतं तोवर हाय ठेवलं तरी एफपीएस फारसे पडत नाहीत. मावेनासं झालं की सरासरी साठ दिसते, पण वळणावर, गोळीबारात चित्र अडखळतं. ४ जीबीच्या कार्डावर हा अडथळा नव्या गेममध्ये नेहमीचा आहे. म्हणून सरासरी एफपीएस विचारू नका. सगळ्यात वाईट क्षणी किती राहतात ते बघा. व्हिडिओत 'वन परसेंट लो' म्हणून दुसरा आकडा असतो, तो हाच.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक हा गेम मी नव्या कार्डावर मुद्दाम लावून दाखवतो. तो २०२० मध्ये आधी निन्टेन्डो स्विचसारख्या हलक्या यंत्रावर आला, त्यामुळे बेताच्या कार्डावरही नीट चालतो. राजस्थानी बांधणीचे वाडे, भिंतीवरची चित्रं, दिव्यांचा उजेड. मूर्तीवर रंगाचा हात बसलेली मुलं ते बघताना गेम खेळायचं विसरतात आणि सावल्या कशा पडल्या आहेत ते बघत बसतात. त्यातल्या ज्यांना पुढे ब्लेंडरसारख्या सॉफ्टवेअरवर मूर्ती घडवायला शिकायचं आहे, त्यांना मी आरएक्स ६६०० ऐवजी आरटीएक्स सुचवतो. ब्लेंडरचं अंतिम चित्र काढायचं काम आरटीएक्सवर लक्षणीय लवकर होतं. हाताला एक कला असलेल्या घरात कार्ड खेळाच्या पलीकडेही कामाला येऊ शकतं, हे घेतानाच मनात धरावं.

रॅमबद्दल थोडक्यात. आठची एक काडी असेल तर दुसरी आठची तशीच काडी घाला. एका काडीवर प्रोसेसरची अर्धी वाट बंद असते. ज्यांना कार्ड घेणं जमतच नाही त्यांनी रायझन ५ ५६००जी सारखा, आत ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घेऊन नवं मशीन जोडावं. तिथे तर दोन काड्या हव्यातच, कारण त्याचं ग्राफिक्स रॅमवरच जगतं. दोन काड्या लावून त्याला सेकंदाला ५१ जीबीच्या आसपास वेग मिळतो, जुन्या १६५० ला स्वतःच्या मेमरीतून १२८ मिळतो, यावरून दोघांची ताकद ओळखा. व्हॅलोरंट, राजी, जुने गेम यावर होतात. रॅमचे भाव २०२५ च्या अखेरीपासून खूप चढले आहेत, म्हणून जुनी पण तपासलेली काडी घ्यायला हरकत नाही; रॅम सहसा झिजत नाही.

चौथ्या पिढीच्या आय-फाइव्हवर ६६०० बसवलं तर भारी गेममध्ये कार्ड रिकामं बसतं आणि प्रोसेसर धापा टाकतो. अशा मशीनला ३०५० चं ६ जीबीवालं रूप पुरे. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीच्या खाली बसत नाही, हेही डोक्यात ठेवा. आणि गेम अडखळतो म्हणजे कार्डच दोषी असं धरू नका. ऑनलाइन गेममध्ये शत्रू एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारताना दिसला, पण तुमचं स्वतःचं फिरणं गुळगुळीत असेल, तर तो नेटचा दोष. व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईत आहे, पेणहून तो लांब नाही. पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, वर-खाली होत असेल तर मोबाइलच्या हॉटस्पॉटऐवजी वायरने नेट जोडा. पिंगसाठी कार्ड बदललेलं घर मी पाहिलं आहे.

आता ज्याबद्दल व्हिडिओत कुणी बोलत नाही ते. मागच्या श्रावणात एका मुलाचं मशीन उघडलं. कॉम्प्युटर पडवीत, आणि पडवीच्या पलीकडे मूर्तींचं फिनिशिंग आणि स्प्रेचं काम. कार्ड चौऱ्याऐंशी अंशांवर जाऊन वेग कमी करत होतं. पंखा काढला तर आतल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांमध्ये धूळ नव्हती, पापुद्रा होता. प्लास्टर घासल्यावर उडणारी पांढरी भुकटी पात्यांत बसली, पावसाळी हवेतला ओलावा प्याली आणि जागेवरच घट्ट झाली. त्यावर कम्प्रेसरच्या रंगाची गुलाबी झाक. ब्लोअरने हे निघत नाही. मऊ ब्रश आणि बांबूच्या पातळ काडीने एकेक फट मोकळी केली, चिपवरची सुकलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली; दोन तास गेले. तापमान सत्तरच्या खाली आलं आणि त्याचा गेम पूर्ववत चालू लागला. नवं कार्ड घ्यायला निघालेला मुलगा पेस्टच्या ट्यूबच्या खर्चात घरी गेला.

कारखान्याच्या घरात कॉम्प्युटर शक्यतो मागच्या खोलीत, जमिनीपासून दोन फूट वर ठेवा. घासकाम चालू असेल त्या वेळी मशीन बंद आणि त्यावर सुती कापड. चालू मशीनवर कापड कधी टाकू नका. कॅबिनेटच्या पुढच्या जाळीला आतून पातळ फिल्टर लावा आणि गणपतीच्या हंगामात तो दर आठवड्याला धुवा. हंगाम संपला की एकदा पूर्ण साफसफाई करा.

पेणच्या खारेपाटात आणि रोह्यात कुंडलिकेच्या काठी पावसाळ्यात भिंती घाम गाळतात, कपाटातले कपडे ओले लागतात. मशीन महिनाभर बंद राहिलं तर खाचेतल्या पिनांवर थर चढतो आणि पडदा येत नाही. अशा वेळी लगेच दुकानात पळू नका. प्लग काढा, कार्ड काढा, त्याच्या सोनेरी पट्टीवर शाळेतला पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा, कण झटका, परत घट्ट बसवा. दहातली बरीच मशीन इथेच सुरू होतात. खबरदारी म्हणून पावसाळ्यात रोज अर्धा तास मशीन चालू ठेवा. आतली ऊब ओलावा हाकलते. मागच्या बाजूच्या मोकळ्या फटी पट्टी लावून बंद करा. ऊब शोधत आत शिरलेली पाल बोर्डावर मरून पडलेली मी दोनदा काढली आहे, आणि एकदा बोर्ड तिच्याबरोबर गेला होता.

उन्हाळ्यात पत्र्याखाली दुसरी पंचाईत. एसएमपीएसवरची '८० प्लस'ची खूण २३ अंशांच्या खोलीत चाचणी करून दिलेली असते आणि ती वीज किती वाया जात नाही एवढंच सांगते. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी खोली पस्तिशीच्या वर. म्हणून लागतात त्यापेक्षा शंभर-दीडशे वॅट जास्तीचा एसएमपीएस घ्या. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर गेममध्ये ६० एफपीएसची मर्यादा घाला. त्यापुढची चित्रं पूर्ण दिसतच नाहीत, कार्ड मात्र तापतं आणि पंखा किंचाळतो.

लाईटचं काय, हे आपल्या भागात सांगायला नको. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगडात कित्येक गावं दिवसचे दिवस अंधारात होती. पण कार्ड मरतं ते अंधारात नाही, लाईट परत येते त्या क्षणी. गेली की मुख्य बटण बंद करा, आल्यावर पाच मिनिटं थांबा. ६०० व्हीएचा यूपीएस सुमारे ३६० वॅटच पेलतो, आणि तोही मशीन नीट बंद करण्यापुरता. कार्ड लावल्यावर मोठा यूपीएस घ्यायचा की खेळताना लाईट गेली तर मशीन तसंच बंद पडू द्यायचं, हे आधी ठरवा. अर्थिंग मात्र टाळू नका. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर कार्ड घ्यायच्या आधी वायरमन बोलवा. वळवाच्या आणि दसऱ्यानंतरच्या गडगडाटात प्लगबरोबर नेटची वायरही काढा. विजेचा झटका त्या वायरीतूनही आत येतो.

खरेदी कुठे करावी? पेण किंवा रोह्याहून मुंबई सेंट्रलची एसटी धरली तर लॅमिंग्टन रोड तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. एका दिवसात दहा दुकानांचा भाव कळतो. पण गावातल्या ओळखीच्या दुकानदाराने हजार-पाचशे जास्त सांगितले आणि वॉरंटीला पाठवायची जबाबदारी घेतली तर ते पैसे द्या. वॉरंटीसाठी मुंबईच्या दोन फेऱ्या झाल्या की वाचवलेले पैसे गाडीभाड्यात आणि बुडालेल्या रोजात जातात.

जुनं कार्ड घेताना विक्रेत्याच्या घरी, चालू मशीनवर बघा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग बंद पडलं आणि रात्रंदिवस राबलेली आरएक्स ५७०-५८० बाजारात आली, ती अजून हातोहात फिरतात. आरएक्स ५८० मध्ये '२०४८ एसपी' असं लिहिलेलं दिसलं तर ते खऱ्या ५८० पेक्षा हलकं, ५७० च्या जवळचं कार्ड आहे. जुन्या चिपवर नवं नाव चढवलेली नकली कार्डंही असतात. जीपीयू-झेड नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घेऊन जा, ते चिपचं खरं नाव सांगतं आणि ओळखता आलेल्या नकली एनव्हिडिया कार्डापुढे तसं लिहूनही दाखवतं. मग कुठलाही भारी गेम वीस मिनिटं चालवा. पडद्यावर रंगीत ठिपके, आडव्या रेषा दिसल्या, किंवा पंख्याचा खरखर आवाज आला, तर कितीही स्वस्त असू द्या, उठून या.

नवं कार्ड सदोष निघालं आणि विक्रेता दाद देत नसेल तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तरी जमलं नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा करता येतो, विक्रेता दिल्लीत असला तरी. रायगडचा जिल्हा ग्राहक आयोग अलिबागला आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या दाव्याला शुल्क नाही. पण त्यासाठी बिल लागतं, पक्कं, जीएसटीचं, कार्डाचा सीरियल नंबर लिहिलेलं. अनेक दुकानांचं बिल उष्णतेने छापल्या जाणाऱ्या गुळगुळीत कागदावर असतं आणि आपल्या दमट हवेत दोन पावसाळ्यांत ते कोरं होतं, वॉरंटी मात्र तीन वर्षांची असते. दुकानातून बाहेर पडण्याआधी बिलाचा आणि कार्डाच्या मागच्या स्टिकरचा मोबाइलवर फोटो काढा, आणि तो घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरही पाठवून ठेवा.